झॅम्प आणि पीएचपी: वाचनालयाच्या काउंटरवर सहा महिने वापरून

मी पतसंस्थेत कॅशियर आहे, कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणजे एमएससीआयटी आणि वर एक्सेल, एवढंच. संध्याकाळी सहा ते आठ गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काउंटरला मदत करायला बसतो. पुस्तकं साधारण साडेनऊ हजार, देवघेव सगळी रजिस्टरवर, आणि कुणी विचारलं की "मॅडम, ते पुस्तक कुणाकडं गेलंय बघा ना" की ग्रंथपाल मॅडम तीन तीन रजिस्टरं उलटत बसायच्या. एक्सेलमध्ये करून बघितलं होतं, शोधायला बरं पडतं, पण दोन कॉम्प्युटरवरून एकदम नोंदी करायच्या म्हटलं की कुणाची फाइल खरी तेच कळत नाही. भाचा डिप्लोमा करून आता इंजिनिअरिंगला आहे, डिप्लोमाला आय स्कीममध्ये (म्हणजे त्यांच्या वेळच्या अभ्यासक्रमात) त्यांना सहाव्या सेमिस्टरला पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा होती, तो दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "मामा, तुम्ही झॅम्प टाका आणि पीएचपी शिका, दोन महिन्यांत तुमचं तुम्ही कराल." साडेतीन महिने लागले, पण केलं, आणि ते आज काउंटरवर चालू आहे.

तर हा रिव्ह्यू झॅम्पचा, आणि झॅम्पबद्दल बोलायचं तर पीएचपीबद्दल बोलावंच लागतं. माझ्यासारख्या अगदी शून्यातून सुरू करणाऱ्याला सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम म्हणजे काय हे स्वतःच्या लॅपटॉपवर बघायचं असेल तर यापेक्षा सोपा रस्ता मला सापडला नाही. पण त्याच्यात तीन-चार खड्डे असे आहेत की ते आधी कुणी सांगितले असते तर माझा निदान एक महिना वाचला असता, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

झॅम्प म्हणजे एक गाठोडं आहे. अपाची नावाचा वेब सर्व्हर, मारियाडीबी नावाचा डेटाबेस, पीएचपी आणि पर्ल नावाची अजून एक भाषा, हे सगळं एकाच इन्स्टॉलरमध्ये. अपाची फ्रेंड्स म्हणून जर्मनीतली मंडळी २००२ पासून हे फुकट देतात. विंडोजचं डाउनलोड साधारण दीडशे एमबी. टाकताना ते स्वतःच सांगतं की प्रोग्राम फाइल्समध्ये टाकू नका, ते ऐका, सरळ सी ड्राइव्हवरच राहू द्या. टाकून झालं की एक छोटं कंट्रोल पॅनेल येतं, त्यात पाच ओळी असतात, त्यातल्या वरच्या दोन आपल्या, अपाची आणि मायएसक्यूएल, बाकी फाइलझिला, मर्क्युरी आणि टॉमकॅट यांना हातही लावायची गरज नाही. (पॅनेलवर नाव मायएसक्यूएल लिहिलंय पण आत २०१५ पासून मारियाडीबी आहे, शिकताना काही फरक पडत नाही, मला मात्र दोन दिवस वाटत होतं की मी चुकीचं काहीतरी टाकलंय.)

आता मुळात सर्व्हर कशाला, हे मला जसं समजलं तसं सांगतो. आमच्याकडं मुलांचा विभाग मुक्तद्वार आहे, मुलं कपाटातून पुस्तक घेतात आणि बघतात. साधं एचटीएमएलचं पान तसंच असतं, फाइल आहे ती उघडली आणि दिसली. मोठ्यांच्या विभागात मात्र चिठ्ठीवर नाव लिहून काउंटरला द्यायचं, मॅडम आत जाणार, रजिस्टर बघणार, पुस्तक आहे का, या सभासदाची वर्गणी थकलीय का, आधीचं पुस्तक परत आलंय का, आणि मग बाहेर येऊन एक तर पुस्तक देणार नाहीतर सांगणार "गेलंय". वाचकाला आतलं काही दिसत नाही, त्याला फक्त उत्तर मिळतं. सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम म्हणजे ही आत जाणारी मॅडम. ब्राउझर चिठ्ठी देतो, अपाची ती घेऊन पीएचपीकडं देतो, पीएचपी डेटाबेस बघून एक ताजं पान लिहितं आणि ब्राउझरला फक्त ते तयार पान जातं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची निम्मी भीती जाते, आणि झॅम्पची खरी किंमत मला इथंच वाटली कारण काउंटर, मॅडम आणि कपाट तिन्ही आपल्याच लॅपटॉपमध्ये, नेट बंद असलं तरी चालतं, एक बटण बंद करून बघता येतं की कोण नसलं की काय अडतं. मी मुद्दाम मायएसक्यूएल बंद करून पान उघडून बघितलं, मग अपाची बंद करून बघितलं, दोन्ही वेळा वेगळी एरर आली, आणि कुठली एरर कुणाची हे तेव्हापासून ओळखता यायला लागलं.

पहिली चूक माझी झाली ती सगळ्यांचीच होत असावी. फाइल लिहिली, डेस्कटॉपवर सेव्ह केली, आणि ब्राउझरमध्ये ओढून टाकली. पीएचपी अशी चालत नाही. फाइल झॅम्पच्या फोल्डरमधल्या एचटीडॉक्स नावाच्या फोल्डरात ठेवायची आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हाच कॉम्प्युटर) टाइप करून मग फाइलचं नाव. फाइल थेट उघडली तर चिठ्ठी काउंटरला गेलीच नाही ना, तुम्ही परस्पर कपाट उघडलंत.

दुसरी अडचण, अपाची हिरवं व्हायलाच तयार नाही. खाली लाल अक्षरात येतं की पोर्ट ८० (वेब सर्व्हरचा ठरलेला दरवाजा) दुसरं कुणीतरी वापरतंय. माझ्या लॅपटॉपवर विंडोजची स्वतःची वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस चालू होती. ती बंद करायची, नाहीतर अपाचीच्या कॉन्फिगमध्ये जाऊन लिसन ८० चं लिसन ८०८० करायचं आणि मग पत्त्यात लोकलहोस्टनंतर विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन ८०८० लिहायचं. मी दुसरा मार्ग घेतला, सहा महिने झाले, काही त्रास नाही.

पीएचपी भाषेबद्दल. रास्मस लेर्डोर्फ यांनी १९९५ ला ती पहिल्यांदा लोकांसमोर ठेवली तेव्हा नावच पर्सनल होम पेज टूल्स होतं, स्वतःच्या वेबपेजसाठी केलेली छोटी हत्यारं. आज वर्डप्रेस त्यावर चालतं, विकिपीडियाचं मीडियाविकी त्यावर चालतं, तरी तो मूळचा स्वभाव गेलेला नाही, आणि नवशिक्याला तोच उपयोगी पडतो. साधं एचटीएमएलचं पान घ्या, मध्येच पीएचपीची खूण टाका, आत एक ओळ लिहा, सेव्ह करा, ब्राउझर रिफ्रेश करा, झालं. सर्व्हर बंद करून परत चालू करायची गरज नाही. भाच्यानं मला नोड (जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हरचे प्रोग्राम चालवायचं साधन) पण दाखवलं होतं, चांगलंच असेल, पण तिथं पहिल्या दिवशी राउट, पॅकेज, मॉड्यूल हे सगळं एकदम अंगावर येतं आणि मला तर नुसतं दाखल अंक (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक) टाकून पुस्तकाचं नाव बघायचं होतं.

एक गोष्ट मात्र पीएचपीत पहिल्यांदा फार चकवते. पान दाखवून झालं की प्रोग्राम सगळं विसरतो. मी एका पानावर सभासद क्रमांक व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि दुसऱ्या पानावर तो शोधत बसलो, तर अनडिफाइन्ड व्हेरिएबल. म्हणजे काउंटरवर प्रत्येक चिठ्ठीला नवीन माणूस बसतो, मागच्या चिठ्ठीचं त्याला काहीच माहीत नाही. लक्षात ठेवायचं असेल तर एकतर डेटाबेसमध्ये लिहा, नाहीतर सेशन सुरू करा, सेशनमध्ये ब्राउझरकडं एक टोकन जातं आणि पुढच्या वेळी ते टोकन दाखवलं की सर्व्हरला ओळख पटते. हे कुठल्याही शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे, मला ते तिसऱ्या आठवड्यात कळलं.

आता खड्डे. सगळ्यात मोठा खड्डा जुन्या नोट्सचा. मी शहरातल्या एका क्लासच्या झेरॉक्स नोट्स मिळवल्या, त्यात डेटाबेसला जोडायला मायएसक्यूएल अंडरस्कोर कनेक्ट असं फंक्शन होतं. टाकलं की फेटल एरर, असं फंक्शनच नाही. परत परत स्पेलिंग तपासलं. मग कळलं की ही फंक्शनं डिसेंबर २०१५ ला पीएचपी ७ आलं तेव्हाच काढून टाकलीत, आणि माझ्या झॅम्पमध्ये ८.२ आहे. म्हणजे ज्या मुलांना त्या नोट्स देतायत त्यांना कितीतरी वर्षं आधी गेलेली गोष्ट शिकवतायत, आणि मुलांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. मला याचा खरंच राग आला, कारण अशा ठिकाणी मुलं सोडून देतात. नोट्समध्ये ते फंक्शन दिसलं तर त्या नोट्स बाजूला ठेवा आणि पीडीओनं (पीएचपीतून डेटाबेसला जोडायची आजची पद्धत) शिका. पीएचपीची स्वतःची अधिकृत मॅन्युअल नेटवर फुकट आहे, इंग्रजीत आहे पण बहुतेक फंक्शनांखाली उदाहरण असतं, मला तिचाच आधार जास्त झाला.

त्याच नोट्समधून टेबल बनवायचं वाक्य उचललं आणि त्यात शेवटी कॅरेक्टर सेट लॅटिन१ लिहिलेलं होतं, ज्यात देवनागरी अक्षरं बसतच नाहीत. मी तीनशे पुस्तकांची नावं मराठीत भरली, उघडून बघतो तर सगळीकडं नुसती प्रश्नचिन्हं. आणि हे लक्षात घ्या, एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठवलं गेलं की मूळ अक्षरं गेली, नंतर सेटिंग बदलून ती परत येत नाहीत. तीनशे नावं परत टाइप केली. मराठीत काही ठेवायचं असेल तर टेबल पहिल्यापासून यूटीएफ८एमबी४ मध्येच करा, जोडणीतही तेच सांगा, आणि शंभर नोंदी भरण्याआधी एक नोंद भरून परत वाचून बघा.

मराठीचा अजून एक प्रकार आहे आणि तो मला फार इंटरेस्टिंग वाटला. स्ट्रलेन नावाचं फंक्शन शब्दाची लांबी सांगतं. "मराठी" टाकलं तर उत्तर आलं १५! कारण ते अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची. एमबी अंडरस्कोर स्ट्रलेन वापरलं तर ५ येतं, म, र, काना, ठ, वेलांटी. आपण शाळेत मोजतो तसं ३ पाहिजे असेल तर ग्राफीम अंडरस्कोर स्ट्रलेन, त्यासाठी पीएचपी डॉट आयएनआय या पीएचपीच्या सेटिंगच्या फाइलीत इंटल एक्स्टेन्शनच्या ओळीपुढचा अर्धविराम काढावा लागला. याचा प्रत्यक्ष त्रास म्हणजे मी यादीत लांब नावं वीसवर तोडत होतो सबस्ट्र हे तुकडा कापायचं फंक्शन वापरून, आणि प्रत्येक नावाच्या शेवटी एक काळा चौकोन आणि त्यात प्रश्नचिन्ह, कारण तो अक्षर मधूनच कापत होता. एमबी अंडरस्कोर सबस्ट्र केलं तेव्हा ते थांबलं.

वेळेचा घोळ तर झॅम्पचाच. संध्याकाळी सहाला दिलेलं पुस्तक नोंदीत दुपारी दीडला दिल्याचं दिसायचं. आधी वाटलं लॅपटॉपचं घड्याळ बिघडलं, पण ते बरोबर होतं. झॅम्पच्या सेटिंगमध्ये टाइमझोन युरोप बर्लिन असतो, करणारे जर्मन आहेत ना. हिवाळ्यात तो आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, उन्हाळ्यात साडेतीन. आणि गंमत अशी की डेटाबेसचं स्वतःचं घड्याळ लॅपटॉपप्रमाणं चालतं, त्यामुळं एकाच नोंदीतली एक वेळ बरोबर आणि दुसरी चूक. पीएचपी डॉट आयएनआयमध्ये डेट टाइमझोन शोधून एशिया कोलकाता करा, फाइलीच्या शेवटापर्यंत शोधा कारण ती ओळ एकापेक्षा जास्त ठिकाणी येते, आणि मग अपाची बंद करून चालू करा, नाहीतर बदल लागू होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा धडा मला एका आडनावानं दिला. आमच्या एक सभासद डिसूझा आहेत आणि त्यांचं नाव इंग्रजीत टाकताना डीनंतर वरती तो एकेरी अवतरणाचा स्वल्पविराम येतो. ते नाव सेव्ह केलं की एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) सिंटॅक्सची एरर. बाकी सगळे सभासद सेव्ह होतात, याच होत नाहीत. मी काय करत होतो तर फॉर्ममधून आलेलं नाव जसंच्या तसं एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवत होतो, त्यामुळं नावातलं ते चिन्ह डेटाबेसला नाव तिथंच संपल्याची खूण वाटायचं. भाच्याला फोन केला तर तो एकदम गंभीर झाला, म्हणाला, "मामा, तुमचं नशीब की हे डिसूझा बाईंनी दाखवलं. त्याच जागी कुणी मुद्दाम उलटसुलट टाइप केलं असतं तर पूर्ण टेबल उडालं असतं." यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट, वाक्य आधी वेगळं पाठवायचं, त्यात रिकाम्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं, आणि माहिती नंतर वेगळी पाठवायची, मग माहिती कितीही विचित्र असली तरी ती माहितीच राहते, हुकूम होत नाही. त्या रविवारी बसून सगळी पानं परत लिहिली. तसंच पानावर काहीही छापताना एचटीएमएल स्पेशल चार्स या फंक्शनमधून गाळून छापायचं, म्हणजे कुणी टाइप केलेला कोड पानावर चालत नाही, आणि पासवर्ड साठवताना तो जसाच्या तसा न ठेवता पासवर्ड हॅश या फंक्शननं बदलून ठेवायचा. नवशिक्यांच्या धड्यांमध्ये हे "पुढचा भाग" म्हणून शेवटी ढकलतात ते मला अजिबात पटत नाही. पहिला फॉर्म शिकवला त्याच दिवशी हे शिकवा, सवय एकदा चुकीची लागली की सोडवायला फार वेळ जातो.

फेब्रुवारीत एकदा लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी जुनी असल्यानं तो तसाच बंद पडला. दुसऱ्या दिवशी पॅनेलवर लाल अक्षरं, मायएसक्यूएल शटडाउन अनएक्स्पेक्टेडली. माझ्या हातापायातली ताकद गेली. झॅम्पबद्दल ही तक्रार भरपूर लोकांची आहे, आणि माझीही हीच सगळ्यात मोठी तक्रार आहे, कारण नवशिक्याला त्या वेळी काय करावं हे पॅनेल धडपणे सांगत नाही. मी दोन दिवसांपूर्वी पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून (झॅम्पबरोबर येणारं, ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) एक्स्पोर्ट घेऊन पेन ड्राइव्हवर ठेवलं होतं म्हणून निभावलं, नव्यानं झॅम्प टाकून ते इम्पोर्ट केलं, मधल्या दोन दिवसांच्या नोंदी मॅडमच्या कागदी रजिस्टरवरून भरल्या. आता रोज आठला कुलूप लावायच्या आधी एक्स्पोर्ट, आणि स्टॉप दाबल्याशिवाय लॅपटॉप बंद करत नाही.

झॅम्पवाले स्वतः स्पष्ट सांगतात की हे शिकायला आणि डेव्हलपमेंटला आहे, खऱ्या वापरातल्या साइटसाठी नाही. डेटाबेसचा रूट युजर पासवर्डशिवाय उघडा असतो, एररचा सगळा मजकूर पानावर छापला जातो, शिकताना हे सोयीचं आहे पण बाहेरच्या जगात ते चालणार नाही. आम्ही ते वाचनालयात वापरतोय हे मला माहीत आहे, म्हणून भाच्याकडून पासवर्ड टाकून घेतला, लॅपटॉप इंटरनेटवर उघडा ठेवलेला नाही, आणि आतल्या राउटरवरून फक्त मुलांच्या विभागातला एक जुना कॉम्प्युटर त्याला जोडलाय, तिथं मुलं पुस्तक शोधतात.

पुस्तकांची यादी तेवढी नेटवर टाकावी म्हणून एका कंपनीचं स्वस्तातलं होस्टिंग घेतलं होतं, नाव लिहित नाही. पहिलं, त्यांच्याकडं पीएचपीची जुनी आवृत्ती लावलेली होती, ती पॅनेलमधून बदलता येते हे त्यांच्या सपोर्टनं चौथ्या मेसेजला सांगितलं. दुसरं, दुसऱ्या वर्षाचे पैसे पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट, ते बारीक अक्षरात, घेताना ते वाचूनच घ्या. एक चूक मात्र माझीच होती, माझ्या फाइलचं नाव कॅपिटल अक्षरानं सुरू होत होतं आणि कोडमध्ये स्मॉल लिहिलेलं. विंडोजला दोन्ही सारखंच, तिथं लिनक्स असतं, त्याला ती दोन वेगळी नावं. घरी चालणारं पान तिथं गेल्यावर सापडतच नाही. पहिल्यापासून सगळी नावं स्मॉलमध्ये ठेवा.

झॅम्पचं अजून एक वजा म्हणजे ते मागं राहतं. पीएचपी ८.३ नोव्हेंबर २०२३ ला आलं, ८.४ नोव्हेंबर २०२४ ला, माझ्या झॅम्पमध्ये ८.२. शिकायला काही अडत नाही. ज्यांना डेटाबेस नकोच आहे, नुसती पीएचपी करून बघायचीय, त्यांनी पीएचपीचा स्वतःचाच छोटा सर्व्हर वापरावा, २०१२ च्या ५.४ पासून तो आत आहेच, एका कमांडमध्ये चालू होतो. पण फॉर्म, डेटाबेस, पीएचपीमायअ‍ॅडमिन सगळं एका जागी आणि माऊसनं, असं पाहिजे असेल तर झॅम्पच. पाचातले चार स्टार, एक त्या मायएसक्यूएलच्या पडण्यासाठी कापला.

आता एकच गोष्ट राहिलीय. आमच्या रजिस्टरात क्ष आणि ज्ञ शेवटी येतात, ळ हच्या नंतर. डेटाबेस मात्र क्ष ला क मध्ये घालतो, ळ ला ल च्या शेजारी. मॅडमना ते चालत नाही, त्यांचं बरोबर आहे, वाचक रजिस्टरच्या सवयीनंच शोधतात. भाचा म्हणतो क्रमासाठी एक वेगळा कॉलम ठेवावा लागेल. मार्चअखेर साठा पडताळणी आहे, त्याआधी ते बसवायचंय, तोपर्यंत कागदी रजिस्टर पण चालू ठेवलंय.